सर्पदंश : विषातली कातर आणि आपल्या गटाची तयारी

(जुन्नर-आंबेगावच्या गटांच्या पावसाळ्याआधीच्या एकत्रित सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या मैत्रिणी येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज मी बचत, कर्ज, परतफेड यातलं काही बोलणार नाही. आज सापाबद्दल बोलायचंय. म्हणजे शेवटी बोलणं बचतीवरच येणार आहे, पण आधी सापाबद्दल.

आपल्या भागात कुठेही चार बायका जमल्या की बिबट्याचा विषय निघतोच. उसात बिबट्या दिसला, कुत्रं नेलं, शेळी नेली. भीती खरी आहे, मी नाकारत नाही. पण सापाबद्दल आपण तेवढं बोलत नाही. साप आपल्याला रोजचा. आवणीत दिसतो, उसाच्या पाचटात दिसतो, कांद्याच्या बराखीत दिसतो, सरपणाच्या ढिगात दिसतो. "गेला बिचारा" म्हणून आपण पुढच्या कामाला लागतो.

आता एक आकडा सांगते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसं गेली, असं २०२० साली छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडलंय. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० माणसं. त्यातली बहुतेक खेड्यातली. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. म्हणजे आपली आवणी, आपली खुरपणी, आपला श्रावण. म्हणून हे मी आज, पाऊस पडायच्या आधी बोलतेय.

मला हे का बोलावंसं वाटलं, ते सांगते. आपल्याच एका गटाची सचिव. नाव सांगत नाही. तिने सांगितलंय, "नाव नको, पण गोष्ट सांग." पश्चिमेकडच्या भातपट्ट्यातली. आवणीचे दिवस, संध्याकाळची वेळ. चुलीसाठी सरपण काढायला ढिगात हात घातला आणि हाताला घोणस चावली. नवरा गावाला गेलेला. सासूबाई म्हणाल्या, तो येऊ दे, मग ठरवू. तोवर भगताला बोलावलं. त्याने दंडाला दोरी आवळली, मंत्र घातला, दंशावर कोंबडीचं पिल्लू लावलं. हात कोपरापर्यंत सुजला. बांगड्या रुतायला लागल्या, पण उतरवायच्या कशा, सवाष्ण बाई! नवरा आला, मग गाडी शोधायची. गाडीवाला म्हणाला, डिझेलपुरते तरी द्या. घरात पैसे नव्हते. गटाच्या खात्यात होते. पण बँक बंद, आणि सहीची एक मानकरीण तीच, खाटेवर पडलेली. सगळं मिळून पाच तास गेले.

ती वाचली. पण मूत्रपिंडं बंद पडली, पुण्याला नेऊन डायलिसिस करावं लागलं, आणि कर्ज झालं. बरी झाल्यावर ती मला म्हणाली, "ताई, गटात एवढे पैसे होते, पण त्या रात्री माझ्या कामाला एक रुपया आला नाही."

मैत्रिणींनो, "घरात रोख ठेवायची नाही, सगळं बँकेत भरायचं" हा नियम त्या गटाला मीच शिकवला होता. नियम चुकीचा नाही. पण तो शिकवताना अशी रात्र माझ्या डोक्यात नव्हती. मी समाजकार्य शिकलेली मुलगी, विषाबिषातलं मला काही कळत नव्हतं. त्या वाक्यानंतर मी वाचायला लागले, डॉक्टरांना विचारायला लागले. एकच प्रश्न होता माझा. त्या पाच तासांत तिच्या अंगात नेमकं काय चाललं होतं? तेच आज तुम्हाला सांगते. ते कळलं की "लवकर दवाखान्यात न्या" हे कुणी सांगावं लागत नाही.

मटण लवकर शिजावं म्हणून आपण काय करतो? कच्च्या पपईची फोड टाकतो. पपईच्या चिकात एक द्रव्य असतं, ते मांसाचे धागे तोडतं. अशा द्रव्याला एन्झाइम म्हणतात, मुलांच्या पुस्तकात त्याला विकर म्हटलंय. एन्झाइम म्हणजे बारीक कातर समजा. आणि ही कातर अशी की कापून कापून झिजत नाही. एक तुकडा कापला की दुसऱ्याकडे वळते, मग तिसऱ्याकडे. म्हणून थोडीशी फोड पातेलंभर मटणाला पुरते.

सापाच्या विषात अशा कितीतरी कातरी असतात. त्यातली एक महत्त्वाची, तिचं नाव फॉस्फोलायपेज ए-टू. नाव पाठ करू नका. तिचं काम लक्षात ठेवा. पपईची कातर मांसाचे धागे कापते, ही कातर चरबी कापते.

तुम्ही म्हणाल, चरबी कापली तर बरंच झालं की! पण ही पोटावरची चरबी नव्हे. आपलं शरीर लहान लहान पेशींचं बनलंय, भिंत विटांची असते तसं. प्रत्येक पेशीला बाहेरून पातळ पडदा असतो आणि तो पडदा मुख्यतः एका प्रकारच्या चरबीचा असतो. अंड्याच्या पिवळ्या बलकात लेसिथिन नावाची चरबी असते, त्याच जातीची. तो पडदा शाबूत, तर पेशी जिवंत. विषातली कातर नेमकी त्या पडद्यावर चालते. पडद्याला भोकं पडतात आणि आतलं बाहेर सांडतं. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, स्नायूंच्या पेशी फुटतात.

गंमत बघा, हीच जात आपल्या स्वतःच्या शरीरातही आहे. जेवणातलं तेल-तूप पचवायला स्वादुपिंड जो रस सोडतं, त्यात हे एन्झाइम असतं. जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते, दुखते, त्याची सुरुवातही हेच करतं. पडद्यातून ते चरबीचा एक तुकडा कापतं आणि त्या तुकड्यापासून शरीर सुजेची, दुखण्याची द्रव्यं बनवतं. जखम भरायला ती लागतात. पण घरातली कातर मोजकी, आणि शरीर तिला म्यानात घालून ठेवतं. हिशोब बिघडला की आजार होतो. संधिवाताने सुजलेल्या सांध्याच्या पाण्यात याच जातीचं एन्झाइम जास्त सापडतं. स्वादुपिंडाचा रस वाहून जायच्या ऐवजी आतच काम करायला लागला, तर स्वादुपिंडच जळायला लागतं. दारूने पोट धरून दवाखान्यात नेलेली माणसं आपण पाहिलीयत. त्यातल्या काहींना हाच आजार असतो.

म्हणजे घरातली कातर आपल्या हुकमात असते. सापाने आणलेली नसते. तिला म्यान नाही.

आता आपले चार विषारी साप बघू. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. कमी-जास्त प्रमाणात ही कातर चौघांच्याही विषात असते. पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

घोणशीच्या विषात ही कातर भरपूर. तिच्या जोडीला दुसरी एन्झाइमं असतात, ती रक्त उगाचच गोठवत सुटतात. गोठवणारं सामान सगळं खर्च होतं आणि मग रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जायला लागतं. फुटलेल्या पेशींचा कचरा, कमी झालेला रक्तदाब, या सगळ्याचा भार मूत्रपिंडावर येतो. आपल्या सचिवताईचं हेच झालं. डॉक्टर दवाखान्यात थोडं रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं तसंच ठेवतात. गोठलं नाही तर समजायचं, विष रक्तात उतरलंय. एवढी साधी तपासणी आहे, पण ती दवाखान्यात पोचल्यावरच होणार.

मण्यार वेगळी. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश दुखत नाही, सूज नाही, कधी खूणही दिसत नाही. तिच्या विषात याच जातीची कातर आणखी एका तुकड्याला जोडलेली असते, आणि तो तुकडा तिला थेट मज्जातंतूच्या टोकाशी नेतो. ते टोक निकामी झालं की मेंदूचा निरोप स्नायूला पोचत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. "रात्री चांगली झोपली होती, सकाळी उठलीच नाही," असं आपण ऐकलंय ना? पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या दिसल्या, तर ओव्याची फक्की देत बसू नका. मण्यारीची शंका घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सापाच्या विषावर औषध एकच, प्रतिविषाचं इंजेक्शन. ते कसं बनतं? तमिळनाडूतले इरुला आदिवासी साप धरून विष काढतात. १९७८ पासून त्यांची स्वतःची सहकारी संस्था आहे. म्हणजे आपल्यासारखंच, मिळून काम करणारी माणसं. ते विष अगदी थोडं थोडं घोड्याला टोचतात. घोड्याचं शरीर विषाला धरून ठेवणारी द्रव्यं तयार करतं, ती त्याच्या रक्तातून काढून शुद्ध करतात. मुंबईच्या हाफकिनचं नाव तुम्ही ऐकलं असेल, त्यांचं प्रतिविष पिंपरीला बनतं. आणि टोमॅटोच्या बाजाराला आपण ज्या नारायणगावला जातो ना, तिथेही प्रतिविष बनवणारी प्रीमियम सीरम्स ही कंपनी आहे. तिथलं प्रतिविष आफ्रिकेपर्यंत जातं. जे औषध आपल्या तालुक्यात तयार होतं, ते आपल्याच बाईपर्यंत पाच तास पोचू नये, याला काय म्हणायचं?

हे प्रतिविष रक्तात मोकळं फिरणारं विष पकडतं. कातर हातातून काढून घेतं, असं म्हणा. पण जे आधीच कापलं गेलंय, ते शिवत नाही. फुटलेली पेशी जोडत नाही. मण्यारीने मज्जातंतूचं टोक तोडलं असेल तर ते परत वाढायला दिवस लागतात, तोवर माणूस व्हेंटिलेटरवर. म्हणून अर्धा तास उशीर म्हणजे नुसता अर्धा तास नव्हे. तेवढा वेळ कातर चाललेली असते.

म्हणून दोरी आवळू नका. विष थांबत नाही, हात मात्र सडू शकतो. ब्लेडने कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका. मिरची-कडुलिंब खायला घालून चव बघण्यात वेळ घालवू नका. दुखतंय म्हणून घरातली दुखण्याची गोळी देऊ नका, काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. भगताशी माझं भांडण नाही. पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. तेव्हा भगताकडे नेलेली बरीच माणसं बरी होतात, कारण त्यांच्या अंगात विष नसतंच. पण कुणाच्या अंगात आहे आणि कुणाच्या नाही, हे बघून सांगता येत नाही. श्रद्धा असेल तर दवाखान्यातून आल्यावर नारळ फोडा, मी पण येते.

करायचं काय? माणसाला धीर द्या. चालू देऊ नका, उचलून न्या. चावलेला हात किंवा पाय काठी, पट्टी नाहीतर ओढणीने मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवा, आवळून नाही. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. अंगठ्या, जोडवी, पैंजण, बांगड्या ताबडतोब काढा. मावशी, हे तुमच्यासाठी. सूनबाईच्या बांगड्या निघत नसतील तर फोडा. जीव राहिला तर बांगड्या पुन्हा भरता येतात. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. साप मारून आणायची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष चारही सापांवर एकच असतं, डॉक्टर लक्षणं बघून देतात. आणि लेकराला चावला तर "एवढ्याशा जिवाला एवढी इंजेक्शनं?" म्हणून घाबरू नका. विष सापाच्या मापाने येतं, माणसाच्या मापाने नाही. म्हणून लहान मुलालाही मोठ्याइतकाच डोस लागतो.

१०८ला फोन करा, पैसे लागत नाहीत. गाडी यायला उशीर असेल तर मिळेल त्या गाडीने निघा. जवळचं आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, जे लवकर गाठता येईल ते. सरकारी दवाखान्यात प्रतिविष मोफत आहे.

आपल्याच मातीत हे काम करणारी माणसं आहेत. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत कित्येक वर्षं सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करतात आणि गावोगावी सांगत फिरतात. विंचवाच्या दंशावर महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी केलेलं काम तर जगात नावाजलंय, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. केंद्र सरकारने २०२४ मध्ये आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून.

आणखी एक आशेची गोष्ट. या कातरीलाच अडवणारं एक औषध आहे, वारेस्प्लाडिब. ते मुळात हृदयाच्या रुग्णांसाठी तपासलं होतं, तिथे उपयोग झाला नाही. आता सापाच्या विषासाठी तपासताहेत. त्याची गोळी प्रतिविषाच्या जोडीला देऊन आपल्या देशातल्या रुग्णांवरही चाचणी झालीय. उद्या कदाचित अशी गोळी आरोग्य केंद्रात नाहीतर आशाताईंच्या पेटीत असेल. पण आज नाही. आज आपल्याकडे प्रतिविष आहे आणि घड्याळ आहे.

सापापासून जपण्याचं तुम्हाला मी काय शिकवणार? तरी चार गोष्टी. आवणीला आणि उसात गमबूट घाला. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. शेताला रात्रीची लाईट येते म्हणून पाणी द्यायला रात्री जावं लागतं, हे मला माहीत आहे. दिवसा लाईट मागायचं आंदोलन वेगळं, बॅटरी तरी आज घ्या. जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गोधडीखाली खोचा. सरपणात, गोवऱ्यांत, बराखीत हात घालायच्या आधी काठीने हलवा.

आता बचतीवर येते. आज प्रत्येक गटाने चार ठराव करावेत, असं मी सुचवते.

एक. आकस्मिक निधी रोख ठेवायचा. किती, ते गटाने ठरवावं. गाडीभाडं आणि पहिल्या दिवसाचा खर्च निघेल एवढा. कोषाध्यक्षाकडे ठेवा, त्याची वेगळी वही ठेवा, दर सभेत मोजा. तो सर्पदंश, बाळंतपण, अपघात यासाठीच. आधी पैसे द्यायचे, सही आणि ठराव नंतर.

दोन. नवरा येईपर्यंत, सासरा हो म्हणेपर्यंत थांबायचं नाही. बाईला, लेकराला, कुणालाही चावलं तर शेजारच्या गटसभासदेने निर्णय घ्यायचा आणि गाडीत बसवायचं. नंतर कुणी बोललं तर "गटाचा ठराव आहे" म्हणायचं. एकटीने घेतलेला निर्णय घरात मोडतात, गटाचा मोडायला जड जातं.

तीन. वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं : रात्री गाडी काढणाऱ्या दोघांचे नंबर, आशाताईंचा नंबर, १०८, आणि जवळचा दवाखाना. डोंगरावरच्या वाड्यांना रेंज नसते, तिथे फोन कुठल्या टेपाडावर लागतो तेही लिहा.

चार. पाऊस सुरू व्हायच्या आत पाच जणींनी आरोग्य केंद्रात जाऊन विचारायचं : प्रतिविष शिल्लक आहे का? रात्री कोण असतं? हे विचारणं म्हणजे भांडण नाही. आपला हक्क आहे.

सर्पदंशाने शेतकरी किंवा त्याच्या घरचं माणूस गेलं तर गोपीनाथ मुंडे योजनेतून २ लाख रुपये मिळतात. ते जरूर मागा. पण तो पैसा माणूस गेल्यावर येतो. माणूस असताना उपयोगी पडेल तो पैसा आपल्या गटाचा.

नागपंचमीला आपण काही चिरत नाही, कापत नाही. विळी त्या दिवशी बाजूला ठेवतो. सापावर राग धरू नका, तो उंदीर खातो, आपलं धान्य राखतो. पण त्याच्या विषातल्या कातरीला सण कळत नाही. ती थांबवायची तर दवाखाना गाठायचा, तोही लवकर.

आपल्या सचिवताईंच्या गटाने हे चारही ठराव केलेत. आकस्मिक निधीची थैली तिनेच शिवलीय, जुन्या नऊवारीच्या काठाची. पुढच्या मासिक सभेला मी येईन तेव्हा बचतीचे आकडे बघायच्या आधी तुमच्या वहीचं पहिलं पान उघडणार आहे. ते कोरं नसावं, एवढंच मागणं.